ड्युटी संपल्यावर थांबलेल्या सिस्टरांना

ग्रेव्हज आजारामुळे माझी थायरॉईड ग्रंथी अति काम करायची. बसल्या जागी छाती धडधडायची, हात थरथरायचे. कार्बिमाझोलने आराम पडायचा, पण गोळी थांबवली की पुन्हा तेच. शेवटी डॉक्टरांनी कायमचे दोन उपाय सांगितले: ऑपरेशन किंवा रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीनचा डोस. ‘किरणोत्सर्गी’ हे ऐकूनच माझे हातपाय गळाले. घरात लहान लेक!

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्या दवाखान्याच्या जिन्यावर मी रडत बसले होते. घरी निघालेल्या एक सिस्टर शेजारी टेकल्या. म्हणाल्या, “बाळ, घाबरू नको, सगळं नीट सांगते.” रिपोर्टच्या पाकिटावर त्यांनी ठळक अक्षरांत लिहून दिलं: आयोडीन ग्रंथीतच शोषलं जातं, उरलेलं बहुतेक लघवीवाटे जातं. काही दिवस लेकीला जवळ झोपवायचं नाही. पुढे बहुतेकांना थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या संप्रेरकाची, गोळी जन्मभर घ्यावी लागते, हेही त्यांनी लपवलं नाही. मला सगळ्यात धीर आला तो त्या खरेपणाने. त्यांची रंकाळ्याची केएमटी बस समोरून गेली, तरी त्या उठल्या नाहीत. सासूबाईंना फोनवर त्यांनीच समजावलं.

मी रेडिओआयोडीन घेतलं. आता सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन घेते, लेकीची वेणी घालताना हात थरथरत नाहीत. सिस्टर, तुमचं नाव मला माहीत नाही. तुमचे मनापासून आभार.