चिचिकास्तेनांगोच्या बाजाराला जाण्यापूर्वी

अँटिग्वा, ग्वाटेमाला

चि. सायलीस आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पुढच्या महिन्यात तू इथल्या स्पॅनिश शाळेत दाखल होणार आणि वर्गात शिकलेले बोलून पाहण्यासाठी लगेच चिचिकास्तेनांगोच्या बाजाराला जाणार, हे वाचून आनंद झाला. जरूर जा. मात्र त्या बाजारात स्पॅनिश ही जशी तुझी मातृभाषा नाही, तशीच ती बहुतेक विक्रेत्या बायकांचीही नाही, हे मनात पक्के ठेवून जा. त्यांची घरची भाषा कीचे आहे. या देशात बोलल्या जाणाऱ्या, इथल्या मूळच्या माया लोकांच्या 22 भाषांपैकी सर्वांत मोठी. म्हणून सावकाश आणि छोट्या वाक्यांत बोल, आणि लहानथोर कुणाशीही बोलताना आदरार्थी 'उस्तेद'च वापर.

बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो. गाव सुमारे 2,000 मीटर उंचीवर असल्याने सकाळी चांगलाच गारवा असतो, तेव्हा शाल विसरू नकोस. बाहेरच्या गल्ल्यांत मुखवटे आणि पिशव्या विकणारे तुझ्याशी इंग्रजीतच बोलू लागतील. तिथे फार रेंगाळू नकोस. चौकाच्या उत्तरेला जी छपराची मोठी मंडई आहे तिच्या वरच्या सज्जात आधी थोडा वेळ उभी राहा. खाली टोमॅटो, कांदे, वाळलेल्या मिरच्या आणि मका शिजवताना घालायचा चुना यांच्या राशींमध्ये रंगीत विपिल, म्हणजे हातमागावर विणलेले पोलके, घातलेल्या बायका बसलेल्या दिसतील. मग खाली उतर आणि 'आ कोमो एस्ता ला लिब्रा?', म्हणजे 'पौंड कसा दिला?', असे विचार, कारण इथे भाजी पौंडावर मिळते. मी मिरच्यांचा भाव विचारला तेव्हा त्या बाईने शेजारी बसलेल्या लेकीशी कीचेत दोन शब्द बोलून घेतले, मग बोटांवर मोजून मला स्पॅनिशमध्ये केत्सालचा, म्हणजे इथल्या चलनाचा, आकडा सांगितला, आणि मी तो पुन्हा उच्चारून दाखवल्यावर समाधानाने मान हलवली. मिरची मूळची याच मुलखाकडची. तिच्यावाचून आपल्या घरी एक दिवस निघत नाही, हे मला तिला सांगायचे होते, आणि मोडक्यातोडक्या वाक्यांत ते सांगता आले याचा मला फार आनंद झाला.

भावात घासाघीस करण्याची रीत आहे, पण हातमागाच्या विपिलवर आकडे कमी करण्याचा सराव करू नकोस. मागाचे एक टोक खांबाला आणि दुसरे कमरेच्या पट्ट्याला बांधून, गुडघ्यांवर बसून, अंगाच्या ताणावर ते कापड विणावे लागते, आणि एका चांगल्या विपिलला कित्येक महिने लागतात. त्यापेक्षा तो कुणी विणला आणि त्यावरची नक्षी कुठल्या गावची आहे, हे विचार. त्या प्रश्नांनी संभाषण पुष्कळ पुढे जाते.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. पाठ्यपुस्तकातल्या पहिल्याच धड्यात 'तुमचे वडील काय करतात, भाऊ किती' असे प्रश्न असतात. ते इथे सहज म्हणून विचारू नकोस. 1960 ते 1996 या यादवी युद्धात दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली, त्यांत बहुसंख्य माया होती, आणि चिचिकास्तेनांगो ज्यात येते तो कीचे जिल्हा त्यात सर्वाधिक होरपळला. तुझ्या सरावाच्या प्रश्नाने समोरच्या बाईला बेपत्ता भावाची आठवण काढावी लागू नये. तिने आपण होऊन सांगितले, तर मात्र शांतपणे ऐक.

चौकातले सांतो तोमासचे चर्च अवश्य पाहा. स्पॅनिशांनी ते सोळाव्या शतकात जुन्या माया देवस्थानाच्या जोत्यावर बांधले, आणि समोरच्या पायऱ्यांवर आजही माया पुरोहित कोपाल या झाडाच्या राळेचा धूप जाळतात. त्या पायऱ्या त्यांच्या पूजेच्या आहेत. तू बाजूच्या दाराने आत जा आणि आत छायाचित्र काढू नकोस. इथेच अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सिस्को हिमेनेस या पाद्र्याने 'पोपोल वुह' हा कीचे लोकांचा ग्रंथ एका रकान्यात कीचे आणि शेजारच्या रकान्यात स्पॅनिश अशा रीतीने उतरवून घेतला. मूळ पोथी पुढे हरवली, पण त्याची नक्कल टिकली. तो पाद्री इथल्या लोकांची भाषा शिकला होता, म्हणूनच हे होऊ शकले. तूही निघण्यापूर्वी शाळेतल्या बाईंकडून कीचेतला नमस्कार आणि आभार तरी शिकून घे.

येताना माझ्यासाठी वाळलेल्या मिरच्या आण, आणि भाव स्वतः विचारून आण. बाकी भेटीअंती बोलूच.

तुझी,
आई