ओढ्याला पण एक दुतोंड्या मारुती पाहिजे

मा. संपादक, नमस्कार.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते तुमच्या पेपरात रोज येतं, आणि नाशिककर तर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं की कमरेला यावरनंच पुराचा अंदाज बांधतात. पण शहराबाहेरच्या ओढ्यांना ना मारुती ना मीटर.

आम्ही चौघं कयाक (वल्ह्यानं चालवायची छोटी अरुंद होडी) चालवतो. शिकलो कोलाडला, कुंडलिकेवर. तिथं भिऱ्याच्या वीजघरातनं सोडलेलं पाणी येतं, त्यामुळे नदी कधी चढणार ते आधी विचारून घेता येतं. आपल्याकडं त्र्यंबकच्या डोंगरात धो धो कोसळला की ओढा बघता बघता भरतो, खाली सगळा काळा पाषाण, पाणी मुरणार कुठं, आणि पाऊस थांबला की तेवढ्याच घाईनं उतरतो पण.

गेल्या जुलैत एका फरशी पुलाजवळ ओढ्यात उतरून पुढं नदीला लागायचं आणि कोल्हापुरी बंधाऱ्याच्या बऱ्याच अलीकडं बाहेर पडायचं असा प्लॅन होता (पावसाळ्यात बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढलेले असतात पण खांबांत झाडं अडकतात, त्यातनं पाणी जातं, माणूस नाही). बोंब झाली ती उतरायलाच. काठावर कुणीतरी बांधकामाचा राडारोडा ओतलेला, त्यात सळया आणि काचा, पायवाटेवर नवं तारेचं कुंपण. फरशीच्या वरच्या अंगाला बोट टाकली तर पाणी पाइपात ओढून घेणार, म्हणून खालच्या अंगाला टाकली, आणि तिथं वरनं पडणारं पाणी उलटं फिरत होतं. हा आमचाच गाढवपणा. कयाक आडवी झाली, मित्र पाण्यात. हेल्मेट, लाइफ जॅकेट होतं आणि काठावर एक जण थ्रो बॅग (फेकायच्या दोरीची पिशवी) घेऊन तयार होता म्हणून दोरीनं ओढून काढला, कोपर सोलपटण्यावर भागलं.

काठावरचे एक बाबा म्हणाले, ‘सकाळी फरशी कोरडी होती रे पोरांनो, आता घोट्याएवढं झालं, अजून चढंल.’ आम्ही गुमान बोटी गाडीवर बांधल्या. बांधून होईस्तोवर पाणी गुडघ्याला आलं होतं आणि दुधाचे कॅन लावलेला एक मोटरसायकलवाला आम्हालाच विचारतोय, ‘गाडी निघंल का हो?’ आता त्याला काय सांगणार.

तर मागणी एवढीच, फरशीशेजारच्या खांबावर फुटाच्या खुणा रंगवा, वर एक लाल पट्टा मारा, आणि खालच्या अंगाला, पाणी फिरतं तिथनं जरा पुढं, राडारोडा उचलून चार पायऱ्या करा. कयाकवाले वर्षातनं चार दिवस येणार, दूधवाला रोज जातो.

‘मरायला जाता कशाला’ असं म्हणणारे आहेतच, घरात पण आहेत. पण चांदवडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिंपिकला वल्हवून आला, तो रोइंग शिकला आर्मीत गेल्यावर, इथं नाही. त्याचा खेळ वेगळा, मान्य, पण पाण्यात उतरायला धड जागा तर दोन्हीला लागते.

खुणांसाठी रंगाचा डबा आम्ही आमच्या खर्चानं आणतो. परवानगी कुणाची घ्यायची तेवढं कुणीतरी सांगा, आत्तापर्यंत दोन ऑफिसांनी एकमेकांकडं बोट दाखवलंय.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक