पिंपळगावच्या शेडमधले इंजिन : मुलीस पत्र

नाशिक

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तू कळवल्याप्रमाणे पिंपळगावच्या बाजूच्या त्या शेडमध्ये जाऊन सेसना १७२ पाहून आलो. तुमच्या संस्थेला हे विमान उडवायचे नसून त्याचे इंजिन विद्यार्थ्यांसमोर जमिनीवर चालवून दाखवायचे आहे, हे ध्यानात ठेवूनच मी सर्व पाहिले. माझे मत आधीच सांगतो : इंजिन घेण्याजोगे असू शकेल, परंतु आत पाहिल्याशिवाय ते एकदाही फिरवू नये. वर्षानुवर्षे उभ्या इंजिनाला गंज चढतोच, पण तो गंज सुटून तेलाबरोबर बेअरिंगांपर्यंत पोहोचतो तो घाईने केलेल्या पहिल्या स्टार्टच्या वेळी.

इंजिन लायकॉमिंग ओ-३२०, १५० अश्वशक्तीचे आहे. मालकांनी लॉगबुक जपून ठेवले आहे आणि इंजिन फारच कमी तास चालले असल्याचे त्यांनी दोनदा सांगितले. या गोष्टीवर भाळू नकोस. ओव्हरहॉलसाठी, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नवे केल्यासारखे करण्यासाठी, लायकॉमिंग कंपनी तासांबरोबर वर्षेही मोजते. या इंजिनांना साधारण २,००० तास किंवा १२ वर्षे, यांपैकी जे आधी भरेल ते. लॉगबुकात शेवटच्या उड्डाणानंतर प्रिझर्वेटिव्ह ऑइल (गंज रोखणारे तेल) भरल्याची किंवा सिलिंडरांना ओलावा शोषणारे प्लग लावल्याची नोंद नाही. याचा अर्थ वापरलेल्या जुन्या तेलासह, त्यातल्या पाण्याच्या आणि आम्लाच्या अंशासह, इंजिन तसेच सोडून दिले गेले.

मालक अधूनमधून प्रोपेलर हाताने फिरवत असत. त्यांचा हेतू चांगलाच होता, आणि पुष्कळ जाणकारही असे करतात. परंतु लायकॉमिंग कंपनीच ते करू नका असे सांगते. हाताने फिरवून तेलाचा पंप कामाला लागत नाही, उलट सिलिंडरच्या भिंतीवर आणि कॅमवर (झडपा उघडणाऱ्या उंचवट्यांवर) जो तेलाचा पातळ थर उरलेला असतो, तोही पुसला जातो. मी गेलो तेव्हा त्यांनी प्रोपेलरला हात घातलाच होता. मी विनंती करून थांबवले.

माझी खरी चिंता कॅमशाफ्टची, म्हणजे हे कॅम ज्यावर असतात त्या दांड्याची आहे. या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, वर बसवलेला असतो. इंजिन थांबले की तेल निथळून खाली संपमध्ये (तळाच्या तेलटाकीत) जाते आणि सर्वांत आधी उघडा पडतो तो कॅम. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवा ओली, आणि थंडीत निफाडकडे द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटवाव्या लागतात इतका रात्रीचा गारठा. रात्री गार पडलेले धातू सकाळी हवा तापली तरी गारच राहतात आणि त्यांच्यावर आतून दव धरते. (शेड इगतपुरीकडे असती, तर मी पाहायलाही गेलो नसतो.) कॅमच्या कठीण पृष्ठभागावर गंजाचे खड्डे पडले असतील, तर इंजिन सुरू होईल, चालेलही गोड, पण टॅपेट (कॅमची हालचाल झडपांकडे नेणारे भाग) त्या खड्ड्यांवरून घासत राहतील, पृष्ठभागाचे कपचे निघतील आणि धातूचा चुरा तेलातून सगळीकडे जाईल. हे बाहेरून दिसत नाही. म्हणून एक-दोन सिलिंडर उतरवून कॅम प्रत्यक्ष पाहावा, असा आग्रह तू संस्थेत धर. त्याला खर्च येईल, आणि तो व्यवहार ठरण्याआधीच करावा.

सिलिंडर उतरवण्याआधी वरचे स्पार्क प्लग काढून बोरस्कोपने (आत डोकावणाऱ्या बारीक नळीच्या कॅमेऱ्याने) सगळ्या सिलिंडरांच्या भिंती पाहून घे. इंजिन थांबले तेव्हा ज्या सिलिंडरची झडप उघडी राहिली असेल, तिथे बाहेरची हवा सरळ आत गेलेली असते. गंज तिथे अधिक सापडेल. पुसट तांबूस छटा चालू शकेल, नखाला लागणारे खड्डे चालणार नाहीत.

इंधनाबाबत थोडक्यात. टाकीतले सर्व जुने इंधन काढून टाकावे, कार्ब्युरेटर उघडून फ्लोट बाउलमधला चिकट साका साफ करावा, रबरी नळ्या सरसकट बदलाव्यात. टाकीच्या व्हेंटमध्ये (हवेच्या नळीत) कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले मी स्वतः पाहिले. नवे इंधन विमानाचे निळे १००एलएल पेट्रोलच हवे. पंपावरचे पेट्रोल कोणी सुचवले तर नकार दे, त्यात इथेनॉल असते.

मॅग्नेटोंविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण तिथे विद्यार्थी उभे राहणार आहेत. मॅग्नेटो म्हणजे इंजिन फिरताच स्पार्क प्लगांसाठी स्वतःच वीज तयार करणारे यंत्र. तिला बॅटरी लागत नाही. स्विच बंद केला की एका तारेवाटे ती ग्राउंड होते आणि ठिणगी थांबते, एवढेच. ती तार जुनी होऊन तुटली असेल, तर किल्ली खिशात असतानाही प्रोपेलर हलवताच ठिणगी पडू शकते. दोन्ही मॅग्नेटो उतरवून तपासल्या जाईपर्यंत त्या चालूच आहेत असे समजून वागा आणि प्रोपेलरच्या फेऱ्यात कोणालाही उभे राहू देऊ नका.

हे सर्व ठीक निघाले, तर नवे तेल भरून, वरचे प्लग काढलेले ठेवूनच, तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत स्टार्टरने इंजिन फिरवावे. स्टार्टर तापू नये म्हणून मध्येमध्ये थांबावे. त्यानंतर प्लग बसवून, चाकांना ठोकळे लावून, विमान दोराने बांधून, तोंड वाऱ्याकडे करून आणि आग विझवण्याचे सिलिंडर हाताशी ठेवून पहिला स्टार्ट. ३० सेकंदांत दाब आला नाही तर लगेच बंद. पहिली खेप अगदी छोटी असावी. इंजिन गरम असतानाच सिलिंडरांत ८० पीएसआय दाबाची हवा देऊन कॉम्प्रेशन, म्हणजे दाब किती टिकतो ते, पाहा : एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर झडप गळते, तेल भरण्याच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा. शेवटी ऑइल फिल्टर कापून त्याची घडी उलगड आणि उजेडात धातूचे कण शोध. ते दिसले तर दुसरा स्टार्ट नको, मग विद्यार्थी कितीही उत्सुक असोत.

सिलिंडर उतरवण्याविषयी मालकांशी मी अजून बोललेलो नाही. संस्थेची संमती आली की बोलेन. येताना बोरस्कोप आणि टॉर्क रेंच घेऊन ये, आणि तुमच्याकडचे परवानाधारक इंजिनिअर सोबत आले तर फार बरे होईल.

तुझे,
बाबा