बांध कोरणारा धाकटा

अमळनेर
रविवार

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या कादंबरीचं बाड पोचलं आणि वाचूनही झालं. फोनवर "झकास आहे रे" म्हणून वेळ मारून नेता आली असती, पण तू खरं मत मागितलंस, आणि फोनवर तू मला बोलू देत नाहीस. म्हणून पत्र.

केळीचं सगळं उत्तम उतरलंय. बाग निसवते, घड बाहेर पडतात, तेव्हाची ती दोन पानं, रात्रीच्या लायटीवर पाणी भरणं, छापलेला भाव आणि व्यापारी प्रत्यक्षात देतो तो भाव यांतली ओढाताण, हे रावेरकडच्या माणसाशिवाय कुणाला असं लिहिता येणार नाही. पण तुझा धाकटा भाऊ मला पटला नाही. पहिल्या पानावर तो लोभी, दुसऱ्यावर गर्विष्ठ, पाचव्या प्रकरणात थोरल्याचे उपकार विसरून मोकळा. तिन्ही दुर्गुण एकाच्याच पदरात टाकलेस, आणि थोरल्याला बुक्का लावून पालखीत बसवायचं तेवढं बाकी ठेवलंस.

लोभापासून सुरू करतो. तुझा धाकटा बायकोला म्हणतो, "मला सगळं हवंय, थोरल्याला मी बांधावर बसवीन." असं कोण बोलतं? भाऊबंदकीच्या कितीतरी बैठका आपण ओट्यावर बसून ऐकल्या. एकाच्या तरी तोंडून हे ऐकलंस? "आमच्या हक्काचं तेवढं द्या, वरचा दाणा नको," हेच जो तो म्हणतो, आणि म्हणताना त्याचा गळा खरोखर भरून येतो. टॉलस्टॉयच्या 1886 च्या गोष्टीतला पाखोम आठव. दिवस मावळायच्या आत पायी फेरा मारून जेवढी जमीन घेरशील तेवढी तुझी, असा सौदा असतो. तो वळणार एवढ्यात पुढे एक ओलसर, खोलगट तुकडा दिसतो. इथे जवस छान येईल, सोडवत नाही. त्या गोष्टीचा शेवट, धावत परतलेला पाखोम कोसळून मरतो तो, सगळ्यांना पाठ असतो, माझं मन मात्र त्या ओलसर तुकड्यावर अडतं. तिथे पाखोम लोभी वाटतच नाही, जाणता शेतकरी वाटतो. तापीकाठचा कुठलाही माणूस तिथे पुढे गेला असता. तूही गेला असतास, आणि तुझ्या आबांचा तर प्रश्नच नाही.

आता बांधाचं. तिसऱ्या प्रकरणात धाकटा दर पावसाळ्याआधी ट्रॅक्टरवाल्याला सांगून थोरल्याच्या बाजूचा बांध नांगराच्या एकेका तासाने कोरत जातो. प्रसंग अस्सल आहे. फक्त तू त्याखाली 'जमिनीची हाव' असं लिहून पुढे निघून गेलास. जरा थांब आणि हिशेब कर. केळीची लागवड पाच बाय पाच फुटांवर. वर्षानुवर्षं कोरून बांध हातभर सरकला, तरी त्यात खोडांची एक ओळ बसत नाही. उलट मोजणी मागे लागते, तलाठ्याकडे चकरा होतात, आणि पहिल्याच मोठ्या पावसात कमजोर झालेला बांध फुटून स्वतःच्याच शेतातली माती वाहून जाते. म्हणजे सौदा तोट्याचा. धाकट्याला हे कळतं, कारण बाकी सगळीकडे तू त्याला पक्का हिशेबी दाखवलायस. मग तो का कोरतो? मला वाटतं, थोरला रोज सकाळी बांधावर येऊन उभा राहतो, बघतो आणि एक शब्द न बोलता निघून जातो, म्हणून कोरतो. त्याला माती नकोच आहे. थोरल्याने एकदा तरी शिवी द्यावी, भांडावं, म्हणजे दोघे एका पातळीवर येतील, हे त्याला हवंय. आणि थोरला तेवढं देत नाही. आता सांग, गर्विष्ठ कोण?

तुझ्याच बाडात एक वाक्य आहे, तुझ्याही नजरेतून निसटलेलं. साखरपुड्याच्या पंगतीत थोरला पाहुण्यांना सांगतो, "याले मीच शिकवलं, बरं का." बापू, अख्ख्या कादंबरीत याच्याइतकं महत्त्वाचं वाक्य नाही आणि तू ते एकदाच लिहून सोडलंस. ते वर्षानुवर्षं होऊ दे. कानबाईच्या रोटांच्या सणाला, लग्नात, तेराव्याला. धाकट्याच्या ताटात वरण-बट्टी, तो बट्टी चुरतोय, वाढपी तूप घेऊन वाकलाय, आणि शेजारी बसलेल्या कुठल्याशा पाहुण्याला कळतंय की याच्या इंजिनिअरिंगची फी बैलजोडी विकून भरली होती. बैलांची नावंसुद्धा सांगितली जातात. पाहुणा मान वळवून धाकट्याकडे बघतो. त्या बघण्याला उत्तर काय द्यायचं? मान हलवायची आणि घास गिळायचा. पुढच्या लग्नात पुन्हा.

कृतघ्न माणूस उपकार विसरतो असं आपण धरून चालतो. मला उलटं दिसतं. विसरला असता तर तो मोकळेपणाने वागला असता, दिवाळीला शर्टपीस घेऊन आला असता. त्याला उपकार रोज आठवतो, म्हणून उपकार करणारा समोर नको होतो. तुझा धाकटा एका ओळीत "सगळं विसरला", तिथेच माझ्या हातून निसटला.

महाभारतातलं द्रुपद आणि द्रोणाचं प्रकरण पुन्हा वाच, तू कर्णावरून पुढे सरकतच नाहीस. दोघे लहानपणचे मित्र. दारिद्र्याने गांजलेला द्रोण राजा झालेल्या द्रुपदाकडे जातो, आणि मैत्री बरोबरीच्यांत असते असं सुनावून द्रुपद त्याला वाटेला लावतो. इथपर्यंत गोष्ट साधी आहे, सत्तेचा माज. पुढे द्रोण शिष्यांकडून गुरुदक्षिणा म्हणून द्रुपदालाच बांधून आणवतो. मारत नाही. अर्धं राज्य स्वतःकडे ठेवून गंगेच्या दक्षिणेचं अर्धं त्याला परत देतो आणि म्हणतो, आता आपण बरोबरीचे, आता मैत्री होऊ शकते. त्याचंच राज्य त्याला दान! युद्धात हरलेला राजा कधीतरी झोपू शकतो, पण ज्याला शत्रूच्या हातून स्वतःचंच अर्धं घर घ्यावं लागलं तो कसा झोपणार? द्रुपद यज्ञ करतो तो गेलेलं राज्य मिळवायला नव्हे, द्रोणाला मारणारा मुलगा मिळवायला. व्यासांनी इथे एकालाही सज्जन ठेवलेलं नाही आणि एकालाही राक्षस केलेलं नाही. दोघांच्या मानापमानात अख्खी पुढची पिढी ओढली गेली.

डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधला पिप याहून मवाळ, आणि म्हणून जास्त बोचरा. ज्या लोहार जोने त्याला मायेने वाढवलं तो लंडनला भेटायला येतोय हे कळल्यावर पिपच्या मनात येतं, पैसे देऊन याला येण्यापासून थांबवता आलं असतं तर दिले असते. जो येतो, त्याची टोपी शेल्फवरून सारखी खाली पडते आणि तो आपल्याच पोराला मध्येच 'सर' म्हणतो. पिप दुष्ट नाही, त्याला लाज वाटते, एवढंच. तुझ्या पुण्याच्या प्रकरणात तू धाकट्याला दारातच थोरल्यावर ओरडायला लावलंस. ओरडणं काढून टाक. थोरला रात्रभर ट्रॅव्हल्सने प्रवास करून सोसायटीच्या गेटवर उभा आहे, पिशवीत भरीताची वांगी, कळण्याचं पीठ आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली केळ्याची फणी. वॉचमन इंटरकॉमवर विचारतो, कोण आलंय म्हणून सांगू? धाकटा म्हणतो, "गावाकडचे आहेत, पाठवा." 'भाऊ आहे' म्हणत नाही. बस. हे थोरल्याला ऐकू गेलं की नाही तेही लिहू नकोस.

आणि आईच्या वाटणीचं प्रकरण. सहा महिने इकडे, सहा तिकडे. धाकट्याच्या बायकोला तू अगदी कैकेयी केलंस. माझ्या डोळ्यांसमोर लिअर राजाच्या मुलींचा हिशेब येतो. बापाचे शंभर स्वार. थोरली म्हणते पन्नास पुरेत, मधली म्हणते पंचवीस, मग दहा कशाला, पाच कशाला, आणि शेवटी एकाची तरी काय गरज? गंमत अशी की एकेक वाक्य सुटं घेतलं तर शहाणपणाचंच आहे, घरात नोकरचाकर आहेतच की. शिरवाडकरांनीही 'नटसम्राट'मध्ये बेलवलकरांच्या लेकीला राक्षसीण केलेलं नाही. ती आपला संसार सांभाळते, आणि बापावर चोरीचा संशय येतो तोही त्याच संसारातून. तुझी सून ओरडत नसावी. तिने फोनवर गोडीत सांगावं, "चहा दोनदाच देते हं आईंना, डॉक्टरांनी साखर सांभाळायला सांगितलंय." डॉक्टरांनी सांगितलेलं असतंही. वाचकाला तिच्यात चूक काढायला जागा ठेवू नकोस, म्हणजे त्याला झोप लागणार नाही.

सुरुवातीला बहिणाबाईंची ओळ घातलीस, "मानसा मानसा, कधी व्हशीन मानूस". ती काढ. मलाही ती कविता जीव की प्राण आहे, आसोद्याच्या त्या माउलीबद्दल मी तुला काय सांगणार. पण ती थेट माणसाचा कान धरते, आणि गाण्याला तो अधिकार आहे. कादंबरीच्या दारातच वाचकाचा कान धरलास तर तो आत येऊन धाकट्याच्या शेजारी बसणार कसा?

वादळाचंही. शेवटी मे महिन्यातलं वादळ येतं आणि धाकट्याची बाग झोपते, थोरल्याची उभी राहते. हे वाचून आमच्या घरातसुद्धा हसले. वादळ कधी कुणाची नियत बघून केळी पाडतं का? पाडायचीच तर थोरल्याची पाड. घड भरलेले, कापणी तोंडावर आलेली, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. मग धाकट्याला पुण्याहून पैसे पाठवू दे. आता थोरल्याला घ्यायचंय. ज्याने जन्मभर फक्त दिलं त्याचा हात खाली येतो तेव्हा तो कसा वागतो, हे मला वाचायचंय. पंगतीत "हे मला धाकट्याने दिले" असं तो सांगेल? मला नाही वाटत. मला वाटतं तोही कुठला तरी बांध शोधेल.

एक राहिलंच. तुझा सालदार. दोन्ही भावांची बाग त्याने वाढवली, रात्री-अपरात्री पाणी त्याने धरलं, केळीची पिल्लं त्याने कापली, घडांना टेकू त्याने दिले. भाऊ एकमेकांना 'उपकार, उपकार' म्हणत तीनशे पानं भांडतात आणि त्याचं नाव कुणी घेत नाही. तूसुद्धा नाही, सगळीकडे नुसता 'सालदार' आहे. हे मुद्दाम केलं असशील तर दंडवत. नसेल, तर त्याला नाव दे आणि वाटणीच्या बैठकीत ओट्याच्या खालच्या पायरीवर बसव. बोलायला लावू नकोस.

सातवं प्रकरण नव्याने लिहिशील तेव्हा आधी तेवढंच पाठव, सगळं बाड नको. आणि पानांवर आकडे घाल, माझ्या नातवाने गठ्ठा पाडला होता. वहिनींना नमस्कार. आबांना हे पत्र वाचून दाखवू नकोस, पाखोमवरून चिडतील.

तुझा,
नाना