‘काही होत नाही’ म्हणालो होतो, त्याबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई सहज बोलून गेली, "तू सांगितलं होतंस ना, थोडं थांबल्याने काही होत नाही, म्हणून मी निर्धास्त होते." तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. समोरासमोर मला हे बोलता येणार नाही, म्हणून लिहितोय.

आई, एप्रिल २०२० मध्ये तुझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन पुढे ढकललं, तेव्हा मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. आमच्या हॉस्पिटलातली बहुतेक ऑपरेशन थिएटरं बंद झाली होती. भूल द्यायची मशिन्स व्हेंटिलेटर म्हणून कोविड वॉर्डात गेली आणि त्यांच्या मागोमाग आम्ही भूलतज्ज्ञही. बाबांना वाटायचं, सर्जन नुसते बसून आहेत. पण अन्ननलिकेसारख्या मोठ्या ऑपरेशननंतर पेशंटला ठेवायला आयसीयूत खाटच नसेल, तर ऑपरेशनला हात घालायचा कसा?

भीतीही खोटी नव्हती. मे महिन्यात २४ देशांतला अभ्यास आला. ऑपरेशनच्या आगेमागे कोविड झालेल्या ११२८ जणांपैकी २६८ जण महिन्याभरात दगावले होते. चारातला जवळजवळ एक. तुला हार्मोनच्या गोळ्यांवर थांबवलं ते शहाणपणाचंच होतं. तुझी गाठ त्या गोळ्यांना दाद देणारी होती, म्हणून जमलं. सगळ्यांच्या गाठी तशा नसतात.

मला बोचतं ते दुसरंच. पेशंटना फोन करून तारीख रद्द झाल्याचं सांगायचं काम आमच्यात वाटलं गेलं होतं. तुला ऐकवलेलं वाक्य मी त्या यादीतल्या प्रत्येकाला ऐकवत होतो, अगदी त्याच सुरात. आतड्याच्या कॅन्सरचे एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "बरं. मग नवी तारीख सांगा, लिहून घेतो." पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला. माझ्याकडे तारीख नव्हती. सप्टेंबरात त्यांना घेतलं, पोट उघडलं आणि तसंच शिवलं. भूल मीच दिली होती. आधी उघडलं असतं तर वेगळं दिसलं असतं का, हे कुणीच सांगू शकणार नाही. मी अजून त्याच प्रश्नाशी आहे.

नोव्हेंबरात आणखी एक मोठा अभ्यास आला. कॅन्सरचं ऑपरेशन चार आठवडे लांबलं, की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. पुढच्या वर्षी ६१ देशांची आकडेवारी आली. कडक लॉकडाउन होता तिथे सात जणांतल्या एकाचं ठरलेलं ऑपरेशन झालंच नव्हतं. वाचताना मला ते टोपणच ऐकू येत होतं.

तुझं ऑपरेशन जूनमध्ये झालं, सगळं नीट पार पडलं. पण त्यात माझ्या शब्दाचा काही वाटा नाही गं. मी फक्त तुझा आवाज कापत होता तो थांबावा म्हणून बोललो होतो. तू ते डॉक्टरचं बोलणं समजलीस.

बाबा, तुम्हाला त्या दिवशी गेटच्या आत सोडलं नव्हतं. आईच्या चष्म्याची डबी हातात धरून तुम्ही दिवसभर गाडीत बसून होतात, हे मला तिनेच नंतर सांगितलं. पुढच्या महिन्यात तिची मॅमोग्राफी आहे. मी रजा टाकलीय. या वेळी तुम्ही आत यायचं, गाडीत मी बसतो.

तुमचा लेक