सूचना: टेम्पोच्या लायसन्सवर ट्रक चालवणाऱ्या सभासदांसाठी

मंडळी, २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने हलक्या वाहनाच्या लायसन्सवर मालवाहू गाडी चालवायला मोकळीक दिली, पण ती ७५०० किलोपर्यंतच. हे वजन मालासकट धरायचं, रिकाम्या गाडीचं नाही. आरसी बुकात 'जीव्हीडब्ल्यू' (गाडीचं मालासकट एकूण वजन) लिहिलेलं असतं, ते आधी बघा. ७५०० किलोच्या वरच्या गाडीला हेवी, म्हणजे जड वाहनाचं लायसन्सच लागतं. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा लायसन्सच मागते.

हेवीसाठी हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं हवं, वय वीस पूर्ण. परिवहन खात्याच्या 'सारथी' पोर्टलवर आधी लर्निंगचा अर्ज करायचा. डॉक्टरचा फॉर्म १-अ (तब्येतीचा दाखला) आणि ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ (गाडी शिकल्याचा दाखला) दोन्ही लागतात. फॉर्म ५ शिकूनच घ्या, विकत नको. लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्या लायसन्सची टेस्ट तीस दिवसांनंतर देता येते. टेस्ट हेवी गाडीवरच होते, तेव्हा तिचा विमा, फिटनेस, पीयूसी आदल्या दिवशीच तपासा. कागद संपलेली गाडी नेलीत तर फेरी फुकट.

ज्यांना पेट्रोल-गॅसचे टँकर चालवायचेत त्यांना लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद वेगळी घ्यावी लागते.

एजंटकडे ओरिजिनल लायसन्स ठेवू नका.