बंड्या सोलापूरलाच राहील

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आपण तिघंही एकदम बोलतो आणि ठरत काहीच नाही, म्हणून लिहून पाठवते.

आपल्या बंड्या मांजराचा रिपोर्ट मी पुण्यातल्या डॉक्टरांनाही दाखवला. सोलापूरच्या डॉक्टरांचंच म्हणणं खरं आहे, किडनीचा जुनाट आजार. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, 3.2 आहे. म्हणजे आजाराच्या चारपैकी तिसरी पायरी. आई, "एकदम कसं झालं?" म्हणून तू रडलीस. एकदम नाही झालं गं. मांजराच्या किडनीचं काम साधारण पाऊण हिश्श्याने घटेपर्यंत क्रिएटिनिन वाढलेलं दिसतच नाही. या आजारात तहान वाढते खरी, पण सोलापूरच्या मे महिन्यात बादलीपाशी जाऊन बसलेलं मांजर बघून कुणालाही उन्हाचीच तहान वाटेल. तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस.

हा आजार बरा होत नाही. पण नीट सांभाळलं तर खाऊन-पिऊन, तुमच्या पायांत घुटमळत तो बराच काळ काढू शकतो.

बाबा, तुम्ही म्हणता, पुण्याला ने, तिथे मोठे दवाखाने आहेत. मी नेणार नाही. माझ्या फ्लॅटमध्ये तो दिवसभर एकटा पडेल. नव्या जागेत मांजर खाणं सोडतं, आणि या दुखण्यात तेच सगळ्यात वाईट. त्याला जुळे सोलापुरातलं आपलं अंगण आणि त्याची ती विरलेली चादरच हवी.

डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा कातडीखाली सलाईन द्यायला सांगितलंय. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून उचलली की खाली पोकळी होते, तिथे सुई. 100 मिली आत गेलं की पाठीवर उंटासारखा उंचवटा येतो, कधी तो पायाकडे ओघळतो. घाबरू नका, काही तासांत जिरतो. बाबा, तुमचा हात थरथरतो, सुई तुम्ही धरायची नाही. कंपाउंडर घरी यायला तयार आहेत, पैसे मी देईन. आई, तू नुसतं त्याला मांडीवर घे.

दूध आणि सुकट बंद, त्यात फॉस्फरस फार. किडनीच्या आजारासाठी मिळणारं खाणं नेहमीच्या चिकनमध्ये चमचाभर मिसळून सुरू करा, हळूहळू वाढवा. नाहीच खाल्लं तर जुनं द्या, पण उपाशी ठेवू नका. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं हे मला माहीत आहे, तरी त्याच्या भांड्यात काटकसर नको. रोज विसळून ताजं भरा, एक भांडं अंगणातही ठेवा. आणि बाबा, तुमच्या डब्यातली कुठलीही गोळी त्याला देऊ नका. पॅरासिटामॉल तर मांजराला विष आहे.

"मांजरावर एवढा खर्च?" असं शेजारी विचारतात म्हणे. विचारू देत. बाबांच्या ऑपरेशननंतर रात्र-रात्र उशाशी कोण बसायचं, ते आपल्याला ठाऊक आहे.

एक दिवस जरी तो जेवला नाही, तरी त्याच दिवशी मला सांगा. मला वाईट वाटेल म्हणून लपवू नका. उपचारांचा त्याला नुसता त्रासच व्हायला लागला, तर थांबायचं की नाही हे डॉक्टरांना विचारून आपण तिघं ठरवू. ते ओझं मी तुम्हा दोघांवर टाकणार नाही.

शनिवारी हुतात्माने येते. रविवारी कंपाउंडरना बोलावलंय, पहिलं सलाईन माझ्यासमोर होऊ दे. गाडीला पोचायला रात्रीचे दहा वाजतात, जेवायचे थांबू नका.

तुमची लेक